आधी स्वतःचं नाव

सेशन्स कोर्टात माफीचा साक्षीदार ओळखायला पुकारा ऐकावा लागत नाही. बाकीचे साक्षीदार बाहेरच्या बाकावर ताटकळत बसलेले असतात. हा पोलिसांच्या मधोमध येतो. ‘यातल्या कोणाला ओळखता?’ असं सरकारी वकिलांनी विचारलं की त्याला आरोपींकडे वळून बघावंच लागतं. मी पाहिलेल्या एकाने हात वर केला नाही, नुसती हनुवटी हलवली. न्यायाधीश म्हणाले, ‘नाव घ्या.’ त्याने घेतलं ते रोजच्या हाकेतलं, गल्लीतलं नाव. स्टेनोने ते तसंच उतरवलं आणि पुढे आरोपी क्रमांक घातला.

*

‘फुटला म्हणजे सुटला’ हा समज चुकीचा. तो आधीच जामिनावर नसेल, तर खटला संपेपर्यंत त्याला कोठडीतच ठेवावं असं कायदा सांगतो. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत हे कलम ३०६ मध्ये होतं, १ जुलै २०२४ पासून नागरिक सुरक्षा संहितेच्या ३४३ मध्ये आहे. हायकोर्टांनी अपवाद केले आहेत, पण ते अपवादच. ज्यांच्याविरुद्ध बोलायचं ते जामिनावर घरी आणि बोलणारा आत, असंही घडू शकतं. सही करण्याआधी हे त्याला कोणी नीट समजावून सांगतं का, कोण जाणे.

*

माफीची अट एकच: त्या गुन्ह्याबद्दल जे ठाऊक आहे ते सगळं आणि खरं सांगायचं. ऐकायला सोपं आहे. पण ‘मी नुसता गाडीत बसलो होतो, केलं सगळं त्यांनी’ या थाटाच्या जबाबाकडे कोर्ट पहिल्यापासून संशयाने बघतं. स्वतः नामानिराळा राहून दुसऱ्यांवर ढकलणारा विश्वासाला पात्र ठरत नाही.

लोकांना वाटतं, मित्राचं नाव घेणं सगळ्यात जड. मला वाटतं, स्वतःचं नाव घेणं त्याहून जड असतं. आई वर्षभर शेजारीपाजारी सांगत असते की माझा पोरगा फक्त बरोबर होता. साक्षीच्या दिवशी ती कोर्टात मागच्या रांगेत बसलेली असते आणि पोराला सांगावं लागतं, पाय मी धरले होते.

*

दिगंबर बडगे. पुण्यात ‘शस्त्र भांडार’ चालवायचा. गांधीहत्येच्या कटातला, आणि त्याच खटल्यात माफीचा साक्षीदार. २० जानेवारी १९४८ ला बिर्ला भवनात नोकराच्या खोलीत शिरून आतून मारा करायचा होता. आत शिरलो तर अडकू, या भीतीने आपण कच खाल्ली, हेही त्याने सांगितलं. लाल किल्ल्यात न्यायाधीश आत्मा चरण यांनी निकालात नोंदवलं की त्याने सरळ उत्तरं दिली, उलटतपासणी टाळली नाही. तरीही सावरकरांविरुद्धच्या त्याच्या शब्दाला स्वतंत्र दुजोरा नव्हता, म्हणून तेवढ्यावर त्यांना दोषी धरलं नाही. साक्षीदार खरा वाटला तरी त्याचा एकट्याचा शब्द पुरेसा मानला नाही.

*

त्याच खटल्यातला शंकर किस्तैया हा बडगेचा नोकर. मालक सांगेल ते करणारा. १० फेब्रुवारी १९४९ ला निकाल लागला: मालक मोकळा, नोकराला जन्मठेप. त्याच वर्षी पंजाब हायकोर्टाने त्याला अपिलात सोडलं.

या व्यवहारातली खोच इथे दिसते. ज्याला जास्त माहीत त्याच्या बोलण्याला भाव, आणि जास्त माहीत असतं ते बहुधा जास्त गुंतलेल्याला. ज्याला फक्त हुकूम ठाऊक, त्याच्यापाशी सरकारला देण्यासारखं काही नसतं.

*

कायद्यात एक वाक्य असं आहे की आरोपीने माहिती द्यावी किंवा दडवावी म्हणून त्याला कोणतंही वचन वा धमकी देऊ नये. अपवाद फक्त माफीच्या कलमांचा. म्हणजे आमिष वर्ज्य, पण एक आमिष कायद्याने स्वतःच्या हातात ठेवलं आहे. म्हणूनच त्या साक्षीवर दुहेरी चाळण. सरवणसिंग खटल्यात (१९५७) सुप्रीम कोर्टाने ती सांगितली: आधी माणूस भरवशाचा आहे का ते बघा, मग दुजोरा आहे का. कबुलीजबाबाआधी आरोपीला विचार करायला निदान २४ तास द्यावेत, हेही त्याच निकालात. नव्या साक्ष अधिनियमाने तर दुजोऱ्याची गोष्ट कलमाच्या मजकुरातच घातली.

*

भीती खोटी नसते. अलीपूर खटल्यातला नरेन गोसाईं ३१ ऑगस्ट १९०८ ला तुरुंगातच साथीदारांच्या गोळ्यांना बळी पडला. उलटतपासणी व्हायची राहिली, त्याचा जबाब निरुपयोगी ठरला, अरविंद घोष सुटले. फेब्रुवारी १९३० मध्ये जळगावच्या कोर्टात क्रांतिकारक भगवानदास माहौर यांनी जयगोपाल आणि फणींद्र घोष या दोन माफीच्या साक्षीदारांवर पिस्तूल झाडलं. दोघे तेव्हा वाचले. फणींद्र घोषला १९३२ मध्ये बेतियात गाठून मारलं.

त्यांना मारणाऱ्यांची नावं आपण आदराने घेतो. पण टोळीच्या खुनात फुटलेला आणि स्वातंत्र्याच्या लढ्यात फुटलेला एकाच मापाने मोजता येत नाही. कोणाशी इमान, हा प्रश्न आधी सुटावा लागतो.

*

डेव्हिड हेडली. २०१० मध्ये अमेरिकेत गुन्हा कबूल करून मृत्युदंड आणि भारताकडे सोपवलं जाणं, दोन्ही टाळलं. २०११ मध्ये शिकागोत शाळूसोबती तहव्वूर राणाविरुद्ध साक्ष. डिसेंबर २०१५ मध्ये मुंबईच्या विशेष न्यायालयाकडून माफी, फेब्रुवारीत व्हिडिओवरून जबानी. मुंबई हल्ल्याच्या ठिकाणांची टेहळणी करणारा हेडली अमेरिकेच्या तुरुंगात राहिला. राणाला एप्रिल २०२५ मध्ये विमानाने दिल्लीत आणलं. किस्तैयाचीच गोष्ट, मोठ्या प्रमाणावर.

*

कोणी सल्ला मागितला तर एवढंच सांगेन. गप्प राहणाऱ्याला राज्यघटनेचं कलम २०(३) आहे. स्वतःविरुद्ध बोलायची सक्ती नाही. सगळं सांगणाऱ्याला माफी आहे. निम्मं सांगणाऱ्याला काहीच नाही. त्याने मुद्दाम काही दडवलं असं सरकारी वकिलांनी प्रमाणित केलं, की मूळ गुन्ह्याचा खटला त्याच्यावर चालू शकतो, आणि त्यात पुरावा म्हणून पुढे येतो त्याचाच जबाब.