मुंबई ते दाबोळी : सरळ रेषेतील कोकण

ज्याची उमेदीची वर्षे मोजणी खात्याच्या चाकरीत, रत्नागिरी जिल्ह्यातील गावोगावच्या हद्दी कायम करण्यात गेली, त्याला अंतर ही पायांनी आणि साखळीने अनुभवलेली वस्तू असते. म्हणूनच निवृत्तीनंतर मुंबईहून गोव्यास विमानाने जाण्याचा योग आला, तेव्हा दोन्ही विमानतळांचे अक्षांश-रेखांश मांडून मी प्रथम हिशेब केला. सरळ रेषेतील अंतर सुमारे 425 किलोमीटर, सागरी मैलांत जेमतेम 230 भरले. हाच प्रवास महामार्गाने साडेपाचशे किलोमीटरांहून अधिक पडतो. ताशी आठशे किलोमीटर वेगाने जाणाऱ्या विमानास ते सरळ अंतर कापण्यास अर्धा तास पुरावा. वेळापत्रकात मात्र सव्वा तास नमूद होता.

त्या तफावतीचा उलगडा प्रवासातच झाला. जागेवरून हललेले विमान अन्य विमानांमागे धावपट्टीच्या तोंडाशी आपल्या पाळीची वाट पाहत राहिले. दुपारचा वारा पश्चिमेचा असल्याने त्यास सामोरे होऊन, म्हणजे गोव्याच्या दिशेस नव्हे तर समुद्राकडे, त्याने उड्डाण केले आणि मग डावीकडे वळण घेऊन दक्षिणेचा मार्ग धरला. शिवाय दहा हजार फुटांखाली वेग 250 नॉटच्या, म्हणजे ताशी सुमारे 463 किलोमीटरांच्या मर्यादेत ठेवावा लागतो. त्यामुळे एवढ्याशा पल्ल्यात पुरा वेग मिळतो न मिळतो तोच उतरण सुरू होते.

दोन्ही विमानतळांस जोडणारी ही सरळ रेषा किनाऱ्याच्या दहा-वीस किलोमीटर आतून, त्यास जवळजवळ समांतर जाते. मार्गशीर्षातल्या त्या निरभ्र दुपारी उजव्या खिडकीतून बाणकोटची सावित्री, दाभोळची वाशिष्ठी, जयगडची शास्त्री आणि विजयदुर्गची वाघोटण या खाड्या एकामागून एक दृष्टीस पडल्या. आणि ज्या खाड्यांच्या काठी तरीची वाट पाहण्यात माझे अर्धे अर्धे दिवस गेले होते, त्या काही मिनिटांत मागे पडताना पाहून माझे अंतःकरण भरून आले. सह्याद्रीतून उतरणाऱ्या या नद्यांनीच कोकणच्या भूमीचे आडवे तुकडे पाडले, म्हणून रस्ता वळणे घेत राहिला, आणि 26 जानेवारी 1998 रोजी पूर्ण मार्गावर सुरू झालेल्या कोकण रेल्वेस नव्वदांहून अधिक बोगदे खोदावे लागले.

पुढे मांडवी आणि झुवारीची मुखे दिसली व विमान दाबोळीस उतरले. पोर्तुगीज अमदानीत 1950 च्या दशकात बांधलेला हा तळ 1961 च्या गोवामुक्तीनंतर नौदलाच्या ताब्यात आला. ‘हंसा’ हे नौदलाचे ठाणे तेथेच असल्याने त्याच्या सरावाच्या वेळा सांभाळून नागरी विमानांस मुभा मिळते, आणि वेळापत्रकास या बंधनाचाही मान राखावा लागतो.

तेव्हा निव्वळ किलोमीटरांस वेगाने भागून प्रवासाचा काळ काढणे, हा हिशेब अपुरा होय. या मार्गाने जाणाऱ्या कोकणी बांधवांस माझी विनंती एवढीच, की दक्षिणेस जाताना उजव्या हाताची खिडकी मागून घ्यावी, जिल्ह्याचा नकाशा जवळ ठेवावा, आणि शेजारी बसलेल्या मुलांस प्रत्येक खाडीचे नाव सांगावे. आपल्या मुलखाची अशी सलग ओळख जमिनीवरून कोणासही होत नाही.