यंत्राचे इरले

कला शाखेच्या विद्यार्थिनीने हवा भरण्याच्या कॉम्प्रेसरवर लेख लिहावा, हे वाचकांना थोडे विचित्र वाटेल. "तू कविता-बिविता का देत नाहीस?" असे एका मैत्रिणीने विचारलेही. परंतु ज्या यंत्रावर माझी फी निघते, त्याविषयी चार शब्द लिहिण्यात मला कमीपणा वाटत नाही. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारी मी पहिलीच, आणि ती पायरी पंक्चरच्या पैशांतून बांधली गेली आहे.

माझे वडील पंक्चर काढतात. पूर्वी हमरस्त्याच्या कडेला आमची टपरी होती. रस्ता रुंद झाला, टपरी गेली. तेव्हा बाबांनी एक जुनी पिकअप घेतली. गिऱ्हाईक आपल्या दारी येत नसेल, तर आपण त्याच्याकडे जावे, असा साधा हिशेब. पण मग गाडीवरच कॉम्प्रेसर बसवणे आले.

हे काम दिसते तितके सोपे नाही. गाडीची बॅटरी १२ व्होल्टची. इतक्या कमी व्होल्टवर मोटर चालवायची म्हणजे प्रवाह जास्त लागतो. आमचा कॉम्प्रेसर २५ ते ३० अँपिअर ओढतो. तार बारीक असेल तर बरीच शक्ती तार तापवण्यातच जाते. म्हणून जाड केबल, बॅटरीलगत फ्यूज, आणि मध्ये रिले, म्हणजे छोट्या बटणाच्या हुकमावर मोठा प्रवाह सोडणारा मध्यस्थ. टाकीतला दाब ११० पौंडांवर उतरला की प्रेशर स्विच मोटर सुरू करतो आणि १४५ पौंडांवर बंद करतो. स्विच कधी अडकलाच, तर जादा हवा सोडून द्यायला सेफ्टी व्हॉल्व्ह असतो. हे सारे बाबांना पाठ आहे. त्यांची शाळा मात्र सातवीतच सुटली.

या विषयावर बोलण्याचा अधिकार फक्त इंजिनिअरांना आहे, असे कोणी समजू नये. रॉबर्ट थॉमसन याने हवेच्या टायरचे पेटंट १८४५ मध्येच घेतले होते; पण तो टायर चालला नाही. पुढे १८८८ मध्ये बेलफास्टला जॉन डनलॉपने आपल्या मुलाच्या तीनचाकीसाठी तो पुन्हा बनवला, आणि मग जग हवेवर धावू लागले. हा डनलॉप व्यवसायाने गुरांचा डॉक्टर होता!

आमच्याकडे खरी परीक्षा पावसाची. रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, आणि तो बहुतेक चार महिन्यांतच. कॉम्प्रेसर गाडीच्या पोटाखाली लावला तर चाकांनी उडवलेला लाल चिखल त्याच्या नाकातोंडात जायचा. म्हणून तो हौद्यात, केबिनच्या पाठीशी बसवला. गॅरेजवाल्याने त्याला पत्र्याच्या पेटीत घालून सगळ्या फटी बुजवल्या. "आता थेंब शिरणार नाही," असे तो म्हणाला.

बाहेरचा थेंब शिरला नाही, हे खरे. पण जूनच्या मध्यावर मोटर तापून मध्येच बंद पडू लागली. घाटात एका मोटारीचे चाक अर्धे भरून राहिले आणि गिऱ्हाईक बोल लावून गेले. आठवडाभर कमाई बसली. तो प्रवेशाचा आठवडा होता. "फी हप्त्याने घेतील का गं?" बाबांनी रात्री हळूच विचारले. मला उत्तर देता आले नाही.

पेटी उघडली, तर आत पत्र्याला घाम! शास्त्र शाखेच्या एका सरांनी मला कारण समजावले. मोटर तापते, पेटीतली हवा फुगून बारीक भेगांतून बाहेर जाते. रात्री ती थंड होते आणि बाहेरची दमट हवा आत ओढली जाते. त्या वाफेचे पाणी होते आणि त्याला वाट नसते. उष्णतेलाही वाट नसते. टाकीतही तोच प्रकार. १४५ पौंडांवर हवा सुमारे अकरा पट दाबलेली असते. ती निवली की तिच्यातली वाफ पाणी होऊन तळाशी साचते.

आजी हे सारे ओटीवरून ऐकत होती. ती म्हणाली, "त्याला कोंडलंत कशाला? इरलं घाला की."

जन्मभर भातलावणी केलेल्या बाईचे हे बोल. बांबूच्या कामट्यांचे, पानांनी शाकारलेले इरले डोके आणि पाठ झाकते. पुढून उघडे असते, हात मोकळे राहतात, वारा खेळतो. बाबांनी त्याच रविवारी पेटी काढली. वर उतरता पत्रा, तीन बाजूंना पडदी, खालून मोकळे. हवा आत घेणारा फिल्टर पत्र्याखाली उंच, तोंड खाली करून. तारांना जोडाआधी खाली झोळ दिला, म्हणजे ओघळणारे पाणी तिथूनच गळून जाते. जोडांवर व्हॅसलीन. टाकीच्या तळाची तोटी रोज संध्याकाळी उघडायची, हे काम माझे. प्रथम फुस्कारा, मग चमचा-दोन चमचे तांबूस पाणी. त्यानंतर उरलेल्या पावसाळ्यात मोटर एकदाही बंद पडली नाही, आणि फी एकरकमी भरली गेली.

"तुझे हात काळे नकोत व्हायला," असे बाबा अजूनही म्हणतात. त्यांची माया मला कळते. आमच्यासारख्या घरांतून आलेल्या मुलांचे शिक्षण आईवडील असेच पेटीत जपतात. घरच्या कामाचा शिंतोडाही त्यावर उडू देत नाहीत. परंतु बंद पेटीत काय साचते, ते मी पाहिले आहे. मला शिक्षण हवे ते इरल्यासारखे. डोक्यावर छप्पर हवे, आणि हात चिखलातल्या कामाला मोकळे हवेत.

बाबांना हे अजून पटलेले नाही. तोटी मात्र ते मलाच उघडू देतात.