मुक्काम आधी ठरवावा की वाटेत शोधावा?



सोयाबीन निघालेले असते, भुईमूग अंगणात वाळत असतो, शाळूची पेरणी झालेली किंवा होत आलेली असते आणि मुलांना दिवाळीची सुटी असते. शेतकऱ्याच्या घराला वर्षातून दम खायला मिळतो तो या आठ-दहा दिवसांत. मग कोणीतरी म्हणते, 'चला, यंदा कोकणात जाऊन येऊ.' जीप ठरते, चकल्या-चिवड्याचे डबे भरले जातात, आणि निघण्याच्या आदल्या रात्री घरात वाद सुरू होतो. एक म्हणतो, 'आधी खोल्या ठरवून ठेवा.' दुसरा म्हणतो, 'कशाला? एवढी गावे आहेत, कोठेही पाठ टेकू.'

शेतीखात्यात माझी तीस वर्षांच्या आसपास नोकरी झाली. फिरतीवर असल्याने शेकडो ठिकाणी मुक्काम केला आहे. तरीही या वादात मी दोन्ही बाजूंनी एकेकदा चुकलो आहे. त्या दोन्ही चुका सांगतो, म्हणजे तुमचा खर्च वाचेल.

आमचे घर शिराळा तालुक्यातले, जिल्हा सांगली. आमच्याकडून कोकण तसे जवळ. कोकरूडवरून मलकापूरला गेले की कोल्हापूर-रत्नागिरी रस्ता लागतो. पुढे आंबा गाव, मग आंबा घाट. घाटमाथ्यावर गाडी थांबवून खाली पाहिले की सगळे कोकण हिरवे पांघरूण घेऊन निजल्यासारखे दिसते. घाट उतरला की साखरपा, मग पाली, हातखंबा. हातखंब्याहून रत्नागिरी सरळ पुढे. गणपतीपुळ्याला जायचे तर महामार्गाने निवळीपर्यंत जाऊन जाकादेवीवरून आत वळायचे. दिवाळीच्या सुमाराला या वाटेवर भाताची कापणी आणि झोडणी चाललेली असते. लाल मातीची खाचरे, कडेला पेंढ्यांचे भारे, आणि पालवी फुटलेल्या आंब्यांना थंडीची वाट. आपल्या काळ्या रानातून आलेल्या माणसाचे डोळे निवतात.

माझ्या आईने पंचाहत्तर वर्षांत समुद्र पाहिला नव्हता. तिने पंढरपूर, तुळजापूर, जोतिबा केले होते; पण समुद्र राहिला होता. २०१८ साली भाऊबीज ९ नोव्हेंबरला, शुक्रवारी आली. दुसऱ्या दिवशी शनिवारी आम्ही निघालो. मी, सौ., दोन मुले, आई आणि जीप चालवायला पुतण्या. सकाळी म्हशीच्या धारा, वैरण, मग शेजाऱ्याला सगळे समजावून देणे, असे करता करता निघायलाच दोन वाजले. मी खोली ठरवली नव्हती. 'देवाचे गाव आहे, जागा मिळेल,' असे मीच सर्वांना सांगितले होते.

त्या दिवसांत सहाच्या सुमाराला सूर्य मावळतो. आम्ही गणपतीपुळ्यात पोचलो तेव्हा पुरता काळोख झाला होता. भाऊबीज उरकून सगळा महाराष्ट्र त्या दोन सुटीच्या दिवसांत तेथे उतरला होता. दहा-बारा दारे पुतण्याने आणि मी ठोठावली. सगळीकडे एकच उत्तर, 'जागा नाही.' एके ठिकाणी एक खोली निघाली, पण त्या वर्षीच्या भावाने दीड क्विंटल सोयाबीन विकावे तेवढे एका रात्रीचे भाडे सांगितले. मी मागे फिरलो. आज वाटते, आईसाठी द्यायला हवे होते. पण ऐन वेळी माणसाचा हात आखडतो हेही खरे.

शेवटी उलटे महामार्गापर्यंत आलो. एका ढाबेवाल्याने दया येऊन दोन बाजली दिली. आई आणि सौ. त्यावर निजल्या, आम्ही जीपमध्ये बसून रात्र काढली. दिवसभर बसून आईचे गुडघे सुजले होते. सकाळी ती एवढेच म्हणाली, 'बाळ, घरला चल.' मी खूप विनवले, पण तिने ऐकले नाही. गणपतीपुळ्यात दारोदार हिंडत असताना काळोखात लाटांचा आवाज येत होता. तेवढाच तिचा समुद्र. तिने तो ऐकला, पाहिला नाही.

ही झाली पहिली चूक. आता दुसरी ऐका.

दुधाने तोंड पोळले म्हणजे माणूस ताक फुंकून पितो. पुढच्या वर्षी, २०१९ साली, मी सप्टेंबरातच चार रात्रींच्या खोल्या तीन गावांत ठरवल्या आणि निम्मे पैसे भरून टाकले. त्या वर्षी लक्ष्मीपूजन २७ ऑक्टोबरला होते. नेमके त्याच आठवड्यात अरबी समुद्रात 'क्यार' वादळ उठले. पावसाने कोकणात कापलेले भात भिजले, आणि घाटावर आमच्याकडे सोयाबीनच्या गंजींना कोंब फुटले. नुकसानीचे पंचनामे सुरू झाले. कृषी सहायक, तलाठी, ग्रामसेवक सारे बांधावर. अशा वेळी माझी रजा कसली आणि सहल कसली!

पैसे गेले याचे दुःख आहेच. तीनपैकी एकाने रक्कम पुढच्या वर्षासाठी जमा धरली, दोघांनी परत दिली नाही. ठरवताना मी विचारलेच नव्हते, तेव्हा दोष त्यांचा मानत नाही. पण त्याहून मोठी गोष्ट दुसरी. भिजलेली गंजी डोळ्यांपुढे असताना माझ्या मनात दोन दिवस एकच विचार घोळत होता, 'पैसे भरलेत, निदान दोन दिवस तरी जाऊन यावे.' बैलबाजारात विसार दिला की बैलाचे खोड दिसत नाही म्हणतात, तसे झाले. भरलेला पैसा माणसाला वाईट सल्ला देतो. परतीचा पाऊस महाराष्ट्रातून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत निघून जातो हा सर्वसाधारण नियम, पण तो नियम पावसाने वाचलेला नाही. ज्याचे पीक रानात किंवा खळ्यात आहे, त्याने चार-चार रात्री आधी बांधून घेणे म्हणजे हवामानाशी पैज लावणे.

तर मग करावे काय? माझे मत असे, की सगळा प्रवास बांधू नये आणि सगळा सोडूही नये. गाईला दावे लावतो, पण चरण्यापुरती ढील ठेवतो, तसे करावे. तीन प्रकारच्या रात्री आधी ठरवाव्यात.

पहिली, अंधार पडल्यावर पोचणार ती रात्र. आपल्या घरून निघायला उशीर होतोच. म्हैस परक्या हाताला पान्हवत नाही, गडी वेळेवर येत नाही. म्हणून पहिला मुक्काम ठरलेलाच असावा.

दुसरी, गर्दीची रात्र. भाऊबीजेनंतरचे तीन-चार दिवस आणि त्यात आलेला शनिवार-रविवार. पंढरपूरला जाणाऱ्याने कार्तिकी एकादशीच्या आसपासच्या रात्री मठात किंवा धर्मशाळेत आधी विचारून ठेवाव्यात.

तिसरी, म्हातारे माणूस किंवा तान्हे मूल बरोबर असेल ती प्रत्येक रात्र. तरुण पोरे जीपमध्ये झोपतील आणि वर्षभर त्याची गंमत सांगतील. आईच्या गुडघ्यांना ती गंमत सोसत नाही.

या तिन्हींत न बसणाऱ्या रात्री मोकळ्या ठेवा. मात्र मोकळ्या रात्रीचा एक नियम आहे. गावात दुपारी दोनच्या आत पोचा. बहुतेक ठिकाणी आदल्या दिवसाचे लोक सकाळी दहा ते बाराच्या दरम्यान खोल्या सोडतात. त्या झाडून-पुसून रिकाम्या असतात ती वेळ दुपारची. तेव्हा चार खोल्या पाहून, भाव विचारून निवडता येते. संध्याकाळी सातला तुम्ही निवडत नाही, मिळेल ते घेता.

खोली ठरवताना दूरध्वनीवर पुढील गोष्टी विचारा. लाजू नका. खोली तळमजल्यावर आहे का? संडास कमोडचा आहे की खाली बसायचा? गुडघे दुखणाऱ्याला हा प्रश्न देवदर्शनाइतकाच महत्त्वाचा. गरम पाणी किती वाजता? गाडी आवारात राहील का आणि चालकाला झोपायला जागा आहे का? जेवण रात्री कितीपर्यंत मिळते? आणि शेवटी, येणे रद्द झाले तर पैशांचे काय? 'शेतकरी माणूस आहे, पाऊस आला तर येणार नाही,' असे स्पष्ट सांगा. पुष्कळ घरगुती निवासवाले स्वतः शेतकरी आहेत, त्यांना ते कळते. शक्यतो एका रात्रीच्या भाड्याहून अधिक आगाऊ देऊ नका.

आणखी एक सावधगिरी. हल्ली मोबाईलवर सुंदर चित्रे दाखवून खोट्या नंबरावर पैसे मागवणारे भामटे निघाले आहेत. भक्तनिवास किंवा पर्यटन महामंडळाचे निवास असेल तर त्यांच्या अधिकृत ठिकाणीच नोंदणी करा. खासगी घर असेल तर त्या गावात कोणी ओळखीचे आहे का ते पाहा आणि आधी मालकाशी बोला. निघताना प्रत्येक मोठ्या माणसाचे ओळखपत्र बरोबर घ्या. त्याशिवाय खोली देत नाहीत.

कोकणाऐवजी लेणी पाहायला निघणाऱ्यांनी मुक्काम ठरवण्याआधी वार पाहावा. अजिंठा सोमवारी बंद, वेरूळ मंगळवारी बंद. वार चुकला तर खोली असून दिवस वाया जातो.

हे शहाणपण वापरून आम्ही २०२२ साली पुन्हा निघालो. भाऊबीज, तुळशीचे लग्न सगळे होऊ दिले. रानातले काम हातावेगळे केले. ९ नोव्हेंबर, वार बुधवार. एकच रात्र ठरवली होती, गणपतीपुळ्याची. तळमजल्यावरची खोली, एका काकूंच्या घरात. पहाटे धारा काढल्या, सातला निघालो, घाट उजेडात उतरलो आणि एकच्या आत पानावर बसलो.

ऊन उतरल्यावर आईला वाळूवर नेले. तेथील समुद्र फसवा आहे, पाणी एकदम खोल होते आणि पोहणारे बुडाले आहेत, तेव्हा घोट्यापुढे कोणी जायचे नाही असे मी आधीच बजावले होते. माझा हात धरून आई पाण्याच्या कडेला उभी राहिली. लाट आली, पाय भिजले, पायाखालची वाळू सरकली. ती बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, 'एवढं पाणी, आणि एका वाफ्याच्या उपयोगाचं नाही!' आम्ही सारे हसलो. जन्मभर विहिरीच्या तळाकडे पाहत आलेल्या बाईने समुद्राला दुसरे काय म्हणावे?

दुसऱ्या दिवशी आम्ही रत्नागिरीला जाणार होतो. पण आई म्हणाली, 'आजचा दिवस हितंच राहू.' काकूंची खोली रिकामी होती. पुढची रात्र बांधलेली नव्हती, म्हणून तिची इच्छा आम्हाला पुरवता आली. तिसऱ्या दिवशी आरे-वारेच्या किनाऱ्याने रत्नागिरी गाठली. भाट्ये येथे दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचे नारळ संशोधन केंद्र आहे. नारळाच्या सावलीत जायफळ, दालचिनी, काळी मिरी अशी पिके एकाच जागेत कशी घेतात ते मुलांना दाखवले. तुम्हीही अवश्य पाहा. पुढे पावसला स्वामी स्वरूपानंदांच्या समाधीचे दर्शन घेतले. दुपारी पोचल्यामुळे तेथे राहायला एका घरात जागा मिळाली, तीही पहिल्याच दारात. चौथ्या दिवशी दिवस मावळायच्या आत आम्ही गोठ्यात हजर होतो.

तेव्हा मंडळी, वाद घालत बसू नका. आधी खळे आटोपा, म्हशीची सोय लावा, दोन-तीन दिवसांचा हवामान अंदाज पाहा. मग पहिल्या रात्रीसाठी एक दूरध्वनी करा आणि बाकीच्या रात्री मोकळ्या ठेवा. आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसाने कधी कुठे जावेसे वाटते असे म्हटले असेल, तर त्याचा मुक्काम पहिल्यांदा ठरवा.