पायउतार होताना



गेल्या एप्रिलपासून मंदिरात, लग्नकार्यात, भाजीबाजारात एकच प्रश्न मला इतक्या वेळा विचारला गेला आहे, की आता उत्तर लिहूनच ठेवते. जवळच्या बाया सरळ विचारतात, "काहून वं, कंपनीनं काढलं काय तुले?" बाकीच्या आडून विचारतात, "तब्येत बरी आहे ना?"

काढलेलं नाही आणि तब्येतही ठणठणीत आहे. मी स्वतः अर्ज करून खालची जागा मागून घेतली. साबण, कपड्यांची पावडर, भांड्यांचा बार असा रोजच्या वापरातला माल करणाऱ्या कंपनीत मला चौदा वर्षं झाली. शेवटची चार वर्षं मी रिजनल सेल्स मॅनेजर होते. विदर्भ आणि खानदेश माझ्याकडे होता, म्हणजे महिन्यातले पंधरा दिवस अकोला, अमरावती, नागपूर, जळगाव. आता मी सेल्स ऑफिसर आहे. खामगाव, शेगाव, नांदुरा, मोताळा, मलकापूर एवढाच भाग. माझे आताचे साहेब पूर्वी माझ्याच हाताखाली होते.

हे का केलं, ते सांगते. दोन वर्षांपूर्वी सासूबाईंना अर्धांगवायूचा झटका आला. उजवा हात गेला. रात्रिभोजनाचा त्याग त्यांनी लग्नाआधीपासून पाळलेला, तो त्या आजारपणातही सोडायला तयार नव्हत्या. डिसेंबरात आपल्याकडे पावणेसहाच्या सुमारास सूर्य मावळतो. त्याआधी कुणीतरी शेजारी बसून, घास मऊ करून, हळूहळू भरवायला हवं. घाई केली की ठसका लागतो. ह्यांची नोकरी जिनिंगमध्ये, आणि कापसाचा हंगाम नेमका हिवाळ्यातच. बाई ठेवली होती, पण तिच्या हातून त्या चार घास खायच्या आणि "झालं" म्हणायच्या. मी नागपूरच्या मीटिंगमधून सहा वाजता फोन करायचे, तेव्हा कळायचं की आज अर्धीच भाकरी गेली. आता रात्रभर काही नाही.

दुसरं कारण कामातलंच. तुमच्यापैकी कितीतरी जणींच्या घरी दुकान किंवा एजन्सी आहे, म्हणून तुम्हाला हे माहीत असेल. कंपनीने स्टॉकिस्टला दिलेला माल म्हणजे प्रायमरी आणि स्टॉकिस्टकडून दुकानात गेलेला माल म्हणजे सेकंडरी. मॅनेजरचं टार्गेट बहुतेक वेळा प्रायमरीवर मोजतात. त्यामुळे महिन्याच्या शेवटच्या चार दिवसांत फोन, फोन आणि फोन. दुकानात खपो न खपो, स्टॉकिस्टच्या गोदामात माल उतरला की आकडा पूर्ण. मॅनेजरचं काम म्हणजे वरून आलेला हा दाब खाली पोचवणं. मला विक्री आवडते. दुकानदाराशी बोलणं, शेगावात दर्शनाला येणाऱ्या गर्दीला लहान पाकिटं लागतात आणि मोताळ्याला मोठा बार चालतो, हे ओळखणं आवडतं. मॅनेजर झाल्यावर नेमकं तेच हातातून गेलं आणि उरले ते तक्ते.

यावर अभ्यासही झालेला आहे. ॲलन बेन्सन, डॅनिएल ली आणि केली श्यू या तिघांनी अमेरिकेतल्या शंभराहून अधिक कंपन्यांमधल्या विक्रेत्यांची माहिती तपासली आणि २०१९ मध्ये निष्कर्ष छापले. सर्वांत जास्त विक्री करणाऱ्यालाच बढती मिळण्याची शक्यता जास्त असते, पण मॅनेजर म्हणून त्याच लोकांची कामगिरी तुलनेने कमी भरते, असं त्यांना दिसलं. माल विकणं आणि माणसं सांभाळणं ही दोन वेगळी कामं आहेत. आपण मात्र दुसऱ्याला पहिल्याचं बक्षीस समजतो. मग दुसरं सोडून पहिल्याकडे परत येणाऱ्याला 'घसरला' म्हणतो.

आता पैशाचं. कुणी अशा विचारात असेल तर हे जरूर वाचा, कारण मला हे सांगणारं कुणी नव्हतं.

पहिलं, ग्रॅच्युइटी. ती शेवटच्या पगारावर मोजतात. मी हिशेब केला तेव्हाच्या नियमाप्रमाणे मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून जो आकडा यायचा, त्याला १५ ने गुणायचं, नोकरीच्या वर्षांनी गुणायचं आणि २६ ने भागायचं. माझं बेसिक ४०,००० होतं. चौदा वर्षांचे होतात सुमारे ३ लाख २३ हजार. नव्या जागेचं बेसिक २६,००० ठरत होतं. त्या हिशेबाने त्याच चौदा वर्षांचे २ लाख १० हजार! म्हणजे आज खाली उतरले, तर मागे केलेल्या कामाचेही १ लाख १३ हजार कमी. म्हणून मी म्हटलं, इन्सेन्टिव्ह काढा, गाडीभत्ता काढा, पण बेसिकला हात लावू नका. बरीच चर्चा होऊन ३६,००० ठरलं. आता फरक बत्तीस हजारांच्या आसपास आहे. तो मी सोडला.

दुसरं, आरोग्य विमा. पुष्कळ कंपन्यांत विम्याची रक्कम पदाप्रमाणे असते, पद उतरलं की तीही उतरते. घरात आजारी माणूस असताना हे आधी विचारा. तिसरं, कर्ज. आमच्या घराचे नऊ हप्ते राहिले होते. ते फिटेपर्यंत मी थांबले आणि मगच अर्ज दिला. चौथं, पत्र. नव्या नेमणुकीच्या पत्रात 'कर्मचाऱ्याच्या स्वतःच्या विनंतीवरून' हे शब्द लिहून घ्या. ते नसतील तर उद्या दुसरी कंपनी ते पत्र शिक्षा म्हणून वाचेल.

इन्सेन्टिव्ह धरून हातात ९२,००० यायचे, आता ५६,००० येतात. आम्ही दोघं एका रविवारी वही घेऊन बसलो. परिग्रह-परिमाण आपण व्रतात म्हणतो, पण किती मिळेल हे न विचारता किती पुरेल हे विचारायची सवय मला तरी नव्हती. सासूबाईंची औषधं, धाकट्याची फी, किराणा, मंदिराचं, पाहुणारावळा. पुरत होतं. नवी गाडी आणि दिवाळीची चांदी यांवर रेघ मारली. खामगावात राहून चांदीवर रेघ मारायची म्हणजे काय, ते तुम्हाला सांगायला नको!

वहीतलं एका दुपारी जमलं. मनातलं अजून जमवते आहे.

पहिल्या आठवड्यात नव्या साहेबांचा फोन आला. मी त्याला सहा वर्षं 'अरे' म्हणत आले होते. त्याला पहिला बीट मीच फिरवून दाखवला होता. तो सवयीने म्हणाला, "मॅडम, जरा रिपोर्ट..." आणि थांबला. मी म्हटलं, "पाठवते, सर." तो शब्द तोंडातून निघाला खरा, पण गिळलेल्या भाकरीच्या तुकड्यासारखा छातीत बराच वेळ अडकून राहिला. त्याने काही वावगं केलं नव्हतं. अडकलं होतं ते माझंच.

भाद्रपदात दशलक्षणात दुसऱ्या दिवशी उत्तम मार्दव येतो. आपण दरवर्षी ऐकतो. आचार्य समन्तभद्रांच्या रत्नकरंड श्रावकाचारात आठ मद सांगितले आहेत: ज्ञान, पूजा, कुल, जाती, बल, ऋद्धी, तप आणि वपु. यातल्या 'पूजे'पाशी मी कधी थांबले नव्हते, कारण पूजा म्हटलं की अष्टद्रव्याची थाळी डोळ्यांसमोर येते. पण इथे पूजा म्हणजे लोकांकडून मिळणारा मान. मीटिंगमध्ये शिरलं की खुर्च्या सरकतात, तो आवाज. मला पगारापेक्षा त्या आवाजाची सवय जास्त होती, हे मला तो आवाज बंद झाल्यावर कळलं.

आमच्या शेजारच्या श्वेतांबर मावशींनी याच सुमाराला बाहुबलींची गोष्ट त्यांच्या परंपरेप्रमाणे सांगितली. बाहुबली वर्षभर ध्यानात उभे आहेत, अंगावर वेली चढल्या आहेत, तरी केवलज्ञान होत नाही. तेव्हा ब्राह्मी आणि सुंदरी या बहिणी येऊन म्हणतात, भाऊराया, हत्तीवरून खाली उतर. बाहुबलींना वाटतं, इथे कुठला हत्ती? मग उमगतं की हत्ती अभिमानाचा आहे. आपल्याकडे ही कथा वेगळी सांगतात, भरत येऊन वंदन करतो आणि मनातलं शल्य जातं. पण मला मावशींच्या कथेतली एक गोष्ट नीट दिसली. बाहुबलींनी राज्य तर कधीच सोडलं होतं. राज्य जिंकून, हातात आलेलं सोडलं होतं. तरी हत्ती होताच. म्हणजे पद सोडणं आणि मान सोडणं ही दोन कामं आहेत. एक झालं म्हणून दुसरं आपोआप होत नाही.

आणि याची दुसरी बाजूही आहे. आठ मदांत तपाचाही मद आहे. "मी सासूबाईंसाठी एवढं मोठं पद सोडलं," असं चारचौघींत सांगायला लागले, की हत्ती बदलला एवढंच, मी वरच आहे. म्हणून आता कुणी कौतुक करायला लागलं की मी म्हणते, मला दुकानं फिरायला आवडतात. ते खरंही आहे.

सगळ्यांत अवघड गेलं ते मुलीचं. तिचं शिक्षण झालंय, बायोडाटा करायला घेतला आहे, पुढच्या परिचय संमेलनात द्यायचा आहे. नणंदबाई म्हणाल्या, "वहिनी, आईच्या रकान्यात जुनंच पद राहू द्या. कोण विचारायला जातंय?" त्यांचं बोलणं मायेचंच होतं. आपल्या समाजात आईबापाचं पद कसं वाचलं जातं, ते त्यांना माहीत आहे, मलाही आहे. माझ्या निर्णयाची किंमत लेकीने का मोजायची, हा प्रश्न मला दोन रात्री झोपू देत नव्हता. शेवटी तिलाच विचारलं. ती म्हणाली, "मम्मी, जे आहे तेच लिही. ज्यांना चालत नाही ते बायोडाट्यावरच थांबतील, माझा वेळ वाचेल." आता 'आई: सेल्स ऑफिसर' असंच छापलं आहे. एका स्थळाकडून नंतर काही निरोप आला नाही. कारण हेच असेल असं मी म्हणणार नाही, पण हुरहूर लागली, हे नाकारणारही नाही.

आता रोज सकाळी लवकर बीटवर निघते आणि हिवाळ्यात पाचच्या आत घरी असते. सासूबाईंना वरणात कुस्करलेली भाकरी अर्धा-पाऊण तास लावून भरवते. कधी पूर्ण खातात, कधी नाही. मी घरी बसल्याने त्यांचा हात बरा झाला, असं काही झालेलं नाही. बीटवर माझी विक्री चांगली आहे. साहेबांना मी 'सर'च म्हणते, आता शब्द अडकत नाही. रोजच नाही अडकत, असं म्हणू या.

तुमच्यापैकी कुणी असा विचार करत असेल, तर आधी वही काढा, ग्रॅच्युइटी आणि विम्याचं विचारून घ्या, घरातल्या मुलांना बाहेरून कळायच्या आत स्वतः सांगा. आणि लोक विचारतील तेव्हा लांबण लावू नका. "मी मागून घेतलं" एवढं पुरतं.

जय जिनेंद्र.