बाणासुराचे हात

बडोद्यात एके काळी लढाई दोन जागी पाहायला मिळायची. एक साठमारीच्या रिंगणात आणि दुसरी माणभट्टाच्या आख्यानात.

साठमारीचं वर्णन लुई रूसले या फ्रेंच प्रवाशानं तपशिलात लिहून ठेवलं आहे. 1860 च्या दशकात, खंडेराव महाराजांच्या कारकिर्दीत, तो इथे आला होता. उंच भिंतींचं रिंगण, मस्तीत आलेला हत्ती आणि त्याला डिवचणारे चपळ साठमार. भिंतीत जागोजागी अरुंद दरवाजे ठेवलेले. माणूस आत शिरेल, हत्ती शिरणार नाही. साठमार हत्तीला अंगावर घ्यायचा, जिवाच्या आकांतानं पळायचा आणि सोंड पाठीला टेकणार एवढ्यात दारातून पसार व्हायचा. कोल्हापूरकरांना हे नव्यानं सांगायला नको, त्यांच्या गावात साठमारीचं मैदानच आहे. या लढाईला आगापिछा नसतो. हत्तीचं त्या माणसाशी वैर नाही, माणसाला हत्तीकडून काही हवं नाही. बघणाऱ्यांचा श्वास अडकतो, सुटतो, आणि मंडळी घरी जातात.

आख्यानातली लढाई वेगळी. माणभट्ट तांब्याची माण पुढ्यात घेऊन बसतो. तोंड अरुंद, पोट मोठं. बोटांत अंगठ्या. त्या अंगठ्यांनी माणेवर ठेका धरत तो कथा गातो, मध्येच थांबून साध्या बोलीत समजावतो, पुन्हा गाऊ लागतो. धार्मिकलाल पंड्या यांनी ही परंपरा आमच्या काळापर्यंत बडोद्यात जागती ठेवली. युद्धाचा भाग आला की ठेका चढतो, शब्द आखूड होतात, रथ, हत्ती, घोडे एकावर एक कोसळायला लागतात, ऐकणारे नकळत पुढे सरकतात. मग ठेका एकदम उतरतो. माझे कान त्या क्षणाकडे असतात, कारण त्यानंतरचं पहिलं वाक्य कुणाच्या तोंडी येतं यावर सगळं अवलंबून असतं. कृष्णाचा नातू अनिरुद्ध नागपाशात जखडला गेला की त्याच्यावर जीव जडलेल्या ओखेचा, बाणासुराच्या मुलीचा, विलाप येतो. बाणासुराचे हात छाटले गेले की शंकर मध्ये पडतात, भक्ताचा जीव मागतात. ही वाक्यं लढाईच्या आधी कुणाला उच्चारताच आली नसती.

मी पाणीगेटला राहते आणि कॉम्प्युटरवरच्या कथाप्रधान रोल-प्लेइंग गेमसाठी संवाद लिहिते. या गेममध्ये खेळणारा एका पात्राच्या कातडीत शिरतो, त्याच्या वतीनं बोलतो, भांडतो, शब्द देतो, मोडतो. आमच्या धंद्यातला एक वाद जुना आहे: अशा गेममध्ये लढाई असावी का? लढाईनं कथा पातळ होते, असं म्हणणारे लेखक पुष्कळ आहेत. लढाईशिवाय गेम म्हणजे नुसतं पुस्तक, असं म्हणणारे खेळाडू त्याहून जास्त. मला वाटतं, आख्यानात साठमारी घातली की कथा मरते. आख्यानातली लढाई आख्यानात राहू दिली, तर कथेला तिच्याइतकं बळ दुसऱ्या कशानंच येत नाही.

या खेळांचा जन्मच रणांगणावरचा. 1971 मध्ये अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि जेफ पेरेन यांचं ‘चेनमेल’ निघालं. टेबलावर छोटे शिपाई मांडून लढाया खेळायच्या, त्याचे ते नियम. 1974 मध्ये गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ आणलं. पलटणीच्या जागी एकेक माणूस आला, त्याला नाव आलं, स्वभाव आला. गंमत अशी की त्या पहिल्या नियमांत अनुभवाचे गुण मुख्यतः भुयारातून बाहेर आणलेल्या धनाचे मिळत. राक्षस मारल्याचे फार थोडे. त्यामुळे शहाणा खेळाडू लढाई टाळायचा. राक्षसाला झोपू द्यायचा, लाच द्यायचा, दुसऱ्या राक्षसाशी त्याचं भांडण लावून द्यायचा. हे सगळं शक्य होतं, कारण समोर गोष्ट चालवणारा हाडामांसाचा माणूस बसलेला होता आणि तो राक्षसाचं उत्तर जागच्या जागी रचत होता.

हे खेळ कॉम्प्युटरवर आले तेव्हा यंत्राला ते जमलं नाही. यंत्राकडून एखादं वाक्य बोलवून घ्यायचं तर ते आधी कुणीतरी लिहून ठेवावं लागायचं. घाव मात्र यंत्र स्वतः मोजतं आणि मोजताना कधी थकत नाही. आठवडाभर घासूनपुसून लिहिलेला संवाद खेळाडू दोन मिनिटांत संपवून पुढे जातो. तेच पुलावर चार लुटारू उभे केले, तर अर्धा तास निघतो, आणि तेच चौघे वेगळी मुंडाशी बांधून पुढच्या पुलावर पुन्हा उभे करता येतात. गेममध्ये लढाई इतकी का माजली याचं निम्मं उत्तर या हिशेबात आहे.

उरलेलं निम्मं ‘ओखाहरणा’त आहे. ते रचणारा प्रेमानंद सतराव्या शतकातला, याच बडोद्याचा. गुजराती घरांत चैत्रात ते आजही वाचलं जातं, आमच्या पाणीगेटच्या पोळींतूनही, म्हणजे गल्लीवस्त्यांतूनही. कथा मुळात भागवतातली. शंकरानं बाणासुराला हजार हात दिले. हात मिळाले, पण त्यांच्या तोडीचा शत्रू मिळेना. ते हात खाजायला लागले. शेवटी तो शंकराकडेच गेला: या हातांचं आता ओझं झालंय, मला लढायला कुणीतरी द्या, नाहीतर तुम्हीच या. शंकर चिडले आणि म्हणाले, तुझा ध्वज मोडून पडेल त्या दिवशी तुला हवा तसा शत्रू येईल.

आमच्या गेममधलं प्रत्येक पात्र असाच बाणासुर होत जातं. पातळी वाढते, आकडे वाढतात, नवी तलवार, नवा मंत्र, आणखी एक हात. हात फुटला की खाजतो, आणि ती खाज भागवायची जबाबदारी आमच्यावर येते. म्हणून तळघरात उंदीर येतात, रानात लांडगे येतात, ज्यांना आई-बाप नाहीत, गाव नाही, तक्रार नाही असे लुटारू येतात. त्यांना मारून गुण मिळतात, गुणांनी आणखी हात फुटतात. आपला नायक आजारी मुलीसाठी औषध आणायला निघाला होता हे तोवर कुणाच्या लक्षात राहत नाही. म्हणून मी लढाईला दोष देण्याआधी पात्राला हात किती दिलेत ते विचारते.

लढाईविरुद्ध बोलणारे हमखास ‘प्लेनस्केप: टॉरमेंट’चा दाखला देतात. 1999 चा गेम, ब्लॅक आयल स्टुडिओचा, मुख्य रचनाकार ख्रिस अव्हेलोन. मजकूर सुमारे आठ लाख शब्दांचा. शेवटच्या शत्रूला निव्वळ बोलून जिंकता येतं, आणि लढायांचा भाग कच्चा आहे हे त्याचे चाहतेही मान्य करतात. मला हा गेम उलट्या कारणासाठी मोलाचा वाटतो. त्याचा नायक अमर आहे. मेला की पुन्हा जागा होतो. खेळाडूला वाटतं, वा, मरणाची किंमतच नाही! पुढे कळतं की तो मरतो त्या प्रत्येक वेळी जगात कुठेतरी दुसरा कुणीतरी त्याच्या जागी मरतो, आणि त्या मेलेल्यांच्या सावल्या त्याचा माग काढत फिरतात. शेवटच्या किल्ल्यात त्या सावल्यांशी गाठ पडते तेव्हा आपण वार करतो तो आपल्याच जुन्या हिशेबावर. ही लढाई कुणी काढून टाकली तर कथेचा कणाच जाईल. त्याच गेममध्ये यंत्रमानवांनी निव्वळ अभ्यासासाठी उभारलेलं एक भुयार आहे. खोल्याच खोल्या, सारखे शत्रू, निरर्थक बक्षिसं. साठमारी कशी दिसते हे लेखकानं तिथे सरळ मांडून दाखवलंय.

2019 मध्ये ‘डिस्को एलिझियम’ आला. एस्टोनियात सुरुवात केलेल्या मंडळींचा हा गेम. मजकूर सुमारे दहा लाख शब्दांचा आणि लढाईसाठी वेगळी यंत्रणाच नाही. जे घडतं ते संवादात, दोन फाशांच्या दानावर. तरी त्याच्या उत्तरार्धात भाडोत्री सैनिकांशी समोरासमोरचा एक प्रसंग आहे, आणि इतकी थरारक लढाई मी गेममध्ये क्वचितच अनुभवली आहे. कित्येक तास हातात बंदूक नसते, मग ती येते आणि एक दान टाकायचं असतं. दान चुकलं तर आपला सोबती, किम कित्सुरागी, गोळी लागून पडू शकतो. तो पडला तर रुग्णालयात जातो, आणि पुढचा तपास त्याच्याशिवाय करावा लागतो. किमची शेजारी उभं राहून वहीत टिपून घ्यायची सवय इतके तास पाहिलेली असते, की ती रिकामी जागा बोचत राहते. लढाई एकच आहे, आणि तिची भूक लागेपर्यंत लेखकांनी खेळाडूला थांबवून ठेवलंय.

उलट उदाहरण 2004 च्या ‘व्हॅम्पायर: द मास्करेड – ब्लडलाइन्स’चं. संवाद फर्मास. मारण्याचे गुण मिळत नाहीत, कामगिरी पार पाडल्याचे मिळतात. खेळाडू विश्वास ठेवतो, आपलं पात्र गोडबोलं आणि धूर्त घडवतो. आणि शेवटच्या भागात समोर लढायांची रांग उभी राहते, तिथे गोड जीभ कामाची नाही. ही मला कथेतली फसवणूक वाटते. ज्याला तुम्ही वीस तास बोलू दिलंत, त्याच्या तोंडात शेवटी बोळा कोंबू नये.

निखळ साठमारीला माझा विरोध नाही. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा ‘राजी’ 2020 मध्ये आला, भावाला शोधत राक्षसांशी झुंजणाऱ्या मुलीचा. तो ॲक्शन गेम आहे. भिंतीवरून धाव घेऊन त्रिशूळ हाणण्यात जी झेप आहे ती स्वतःच एक सुख आहे, आणि कथा मधल्या सावल्यांच्या बाहुल्यांच्या खेळातून सांगितली जाते. रिंगणाला रिंगण म्हटलं की भांडण मिटतं.

आम्ही सध्या जो गेम रचतो आहोत त्याचा नायक जासूद आहे. 1732 मध्ये डाकोरला पिलाजी गायकवाडांचा खून झाला, 1734 मध्ये बडोदं पुन्हा गायकवाडांच्या हाती आलं. त्या दोन वर्षांतली कथा. सोनगडहून एक मोडी पत्र घेऊन निघायचं आणि जंबुसरला पिलाजींचे भाऊ महादजी यांच्या हाती द्यायचं. वाटेत नर्मदा. बाबा प्यारा घाटाच्या उताराशी चौकी बसलेली. लढाया रचणारा माझा सहकारी सुरतेचा, आणि त्याची नजर या कामात पक्की. त्यानं उताराचं पाणी असं मांडलं की एकेक पाऊल खोल जाल तशी चाल कमी होते. गुडघाभर पाण्यात तलवार चालते, कमरेएवढ्या पाण्यात ढालही जड होते. मला ती मांडणी फार आवडली. मी त्याला नेहमीचा प्रश्न विचारला: लढाई संपल्यावर पहिलं कोण बोलतं?

तो म्हणाला, “बेन, लढाई संपली की लोक पुढे जातात. बोलायचं काय त्यात?”

मग आम्ही नकाशा समोर घेऊन बसलो आणि विचार करत राहिलो की त्या पाण्यात जासूदाचं नेमकं काय जाऊ शकतं. रक्त जाऊ शकतं, पण रक्त प्रत्येक गेममध्ये जातं आणि रात्री झोपलं की भरून येतं. त्याच्याकडे मोलाची गोष्ट एकच, कमरेला मेणकापडात बांधलेलं पत्र. कमरेएवढ्या पाण्यात लढलात तर ते भिजतं. शाई उतरते. काठावर आल्यावर सोबतची नावाडीण कापड सोडते आणि विचारते, “वाचता येईल का रे?” ते वाक्य सापडलं आणि घाटावरची लढाई ठरली. उथळ पाण्यात राहून लढायचं तर चौकीवाल्यांच्या बाणांच्या टप्प्यात यावं लागतं. न लढता जायचं तर चौकीच्या जमादाराला पत्र कुणाचं ते सांगावं लागतं, आणि ती बातमी आपल्या आधी जंबुसरला पोचते. तिन्ही वाटांना किंमत आहे, मारलेल्या माणसांचे गुण कुठेच नाहीत. माझा सहकारी आता प्रत्येक चकमकीच्या आराखड्यावर वर एक रिकामी ओळ सोडतो, पहिल्या वाक्यासाठी. काही ओळी रिकाम्याच राहतात. त्या चकमकी आम्ही काढून टाकतो.

एक अडचण आहे, आणि ती या माध्यमाचीच आहे. पत्र भिजलं की खेळाडू मागचा सेव्ह, म्हणजे आधी जपून ठेवलेला टप्पा, उघडतो आणि पुन्हा पाण्यात उतरतो, कोरडं पत्र मिळेपर्यंत. माणभट्टाच्या श्रोत्याला ही सोय नव्हती. अनिरुद्ध बांधला गेला म्हणजे गेला. सेव्ह करायची सोय काढून घेणं मला पटत नाही, लोक नोकरी, घर, मुलं सांभाळून खेळतात. उपाय लेखकाच्याच हाती आहे: भिजलेल्या पत्राची वाट कोरड्या पत्राच्या वाटेहून सरस लिहायची, इतकी की ज्याचं पत्र कोरडं राहिलं त्याला मित्राकडून ती ऐकून हळहळ वाटावी. कोरडं पत्र महादजी वाचतात, मान हलवतात, हुकूम देतात. भिजलेलं पत्र कारकून उजेडात धरतो, अर्ध्या ओळी लावतो आणि जासूदाला विचारतो, बाकीचं काय होतं? इथे खेळाडूला साऱ्या बडोद्याची मोहीम आपल्या जिभेवर आल्याचं कळतं. सोनगडहून निघताना कुणी काय कुजबुजलं हे ज्यानं नीट ऐकलं असेल त्याला ओळी भरता येतील. ज्यानं ऐकलं नाही तो रचून सांगेल. रचून सांगणाऱ्यासाठी मी उत्तरं लिहून ठेवली आहेत. “मला ठाऊक नाही, सरकार,” असं खरं सांगून तिथेच उभ्या राहणाऱ्या जासूदासाठीची अजून लिहायची आहेत.