पारव्याच्या दोन छटा

निळसर करड्या रंगाच्या दोन पट्ट्या पुढे करून लोक विचारतात, "यातली चांगली कुठली?" मी उलट विचारते, "या खोलीत तुम्ही बसता केव्हा?" लाल, पिवळा, गर्द हिरवा हे रंग कुठेही लावले तरी फारसे बदलत नाहीत. पारवा मात्र समोर जे असेल त्याचा होतो. सकाळी निळा, दुपारी करडा, रात्री दिवा लागला की जांभळट, नाहीतर शेवाळी. कार्डावर ज्यांच्यातला फरक शोधावा लागतो असे दोन पारवे भिंतीवर गेले की घराची कळाच वेगवेगळी करून टाकतात. मुंबई-ठाण्यात घरं रंगवून घेण्याच्या कामात माझा सर्वांत जास्त वेळ या रंगाने घेतला आहे, आणि तो मी आनंदाने दिला आहे.

हा रंग तयार कसा होतो ते रंगाच्या दुकानात उभं राहून एकदा पाहावं. पांढऱ्या बेसचा डबा टिंटिंग मशीनखाली ठेवतात, शेडचा नंबर घालतात आणि वरून रंगद्रव्यांच्या बारीक धारा पडतात. काळा आणि निळा बहुधा असतोच. त्यांच्यासोबत तिसरं काहीतरी अगदी थोडं पडतं: कधी पिवळा ऑक्साइड, कधी तांबडा ऑक्साइड, कधी जांभळा. पारव्याचा स्वभाव हा तिसराच ठरवतो. पिवळा पडला की रंग हिरव्याकडे कलतो, तांबडा किंवा जांभळा पडला की जांभळ्याकडे. निळा बहुतेक वेळा थॅलो असतो. १९२८ साली स्कॉटलंडमधल्या ग्रेंजमाउथच्या रंगकारखान्यात एका भांड्याचा आतला मुलामा तडकला, खालचं लोखंड उघडं पडलं आणि ध्यानीमनी नसताना या जातीचा निळा हाती लागला. त्याचंच तांबं असलेलं रूप पुढे १९३५ मध्ये बाजारात आलं. हा निळा इतका जोरकस आहे की फिक्या शेडमध्ये तो जरासा कमी-जास्त पडला तरी डोळ्याला कळतं. म्हणून एका खोलीला दोन-तीन डबे लागणार असतील तर मी ते आधी एका पिंपात एकत्र ढवळून घ्यायला लावते. मिस्त्रींना हा उपद्व्याप वाटतो, पण एकाच भिंतीवर मधोमध दिसणारी पुसट रेघ त्यांनाही नको असते.

तो तिसरा थेंब कार्डावर ओळखायचा कसा? एकाच पट्टीवरचा सगळ्यात गडद चौकोन पाहावा. फिका चौकोन जे लपवतो ते गडद चौकोन बहुतेक वेळा सांगून टाकतो. आणि कार्ड नेहमी कोऱ्या पांढऱ्या कागदावर ठेवून पाहावं. लाकडी टेबलावर किंवा जुन्या पिवळट भिंतीला टेकवून पाहिलं तर प्रत्येक करडा निळाच दिसणार. शेडच्या माहितीत प्रकाश-परावर्तनाचा आकडा मिळाला तर तोही बघावा. काळ्याचा ०, पांढऱ्याचा १००. दोन शेडमध्ये त्या आकड्याचा फरक दहाचा असेल, तर तुम्ही निळ्याच्या दोन छटांमधून निवडत नाही आहात, उजेड आणि अंधार यांच्यातून निवडता आहात. एका खिडकीच्या खोलीत मी ५५ च्या खाली जात नाही.

आपल्याकडे भिंतीवर निळा आला तो चुन्यातून. दिवाळीआधी घरं पांढरी करताना कालवलेल्या चुन्यात नीळ टाकायची, म्हणजे चुन्याचा पिवळटपणा मारला जातो आणि पांढरा अधिक पांढरा दिसतो. ती नीळ म्हणजे अल्ट्रामरीन. कारखान्यात ती बनवण्याची रीत फ्रान्समध्ये १८२० च्या दशकात सापडली, आणि त्याआधी हा निळा लाजवर्दाच्या दगडातून काढत असल्याने साध्या घराच्या भिंतीला लावण्याचा विचारही कुणी केला नसता. चुना अल्ट्रामरीनला काही करत नाही. प्रशियन निळ्याला मात्र तो खाऊन टाकतो, थोड्याच काळात तपकिरी करतो. नीळ एक मूठ जास्त पडली की चाळीतल्या आणि कोकणातल्या घरांच्या भिंतींना तो थंडगार आभाळी रंग यायचा. आज शेडकार्डावर इंग्रजी नावाने जे विकलं जातं त्यातलं पुष्कळसं आपल्या डोळ्याला ओळखीचं वाटतं ते यामुळे. जुन्या मिस्त्रींशी बोलताना एक गोष्ट मी लक्षात ठेवते. चुना ओला असताना गडद दिसतो आणि वाळला की उघडतो. इमल्शनचं उलट असतं. ते ओलं असताना फिकं, वाळल्यावर एक पायरी गडद. ज्यांचा हात चुन्यावर बसला आहे ते पहिल्या हाताच्या ओल्या रंगाकडे बघून "फिका झाला मॅडम, थोडा काळा मारू का?" म्हणतात. तेव्हा फक्त पंखा लावायचा आणि थांबायचं.

दोन पारव्यांमधली निवड समजावून सांगायला दादरच्या एका जुन्या इमारतीतलं घर मला फार जवळचं वाटतं. दुसरा मजला, पश्चिमेची मोठी खिडकी, बाहेर खिडकीला भिडलेलं पर्जन्यवृक्षाचं झाड. खाली मोझॅकची लादी, पिवळट पांढऱ्यात तांबडे खडे. भिंतीला लागून सासऱ्यांच्या वेळचं सागवानी कपाट, पॉलिश होऊन होऊन नारिंगी तपकिरी झालेलं. सुनेने दोन पारवे आणले होते, एक हिरव्याकडे कललेला, दुसरा जांभळ्याकडे. "ताई, मला तर दोन्ही एकच वाटतायत," ती म्हणाली. तिच्या सासूबाईंचं, म्हणजे काकूंचं, म्हणणं वेगळं होतं: "अगं, रंग कुठलाही लाव, पण मला दुपारी इथे वाचायला बसायचं असतं. पावसाळी वाटायला नको."

त्या घरात बदलणार नव्हत्या अशा तीन गोष्टी होत्या: झाड, लादी आणि कपाट. निवड या तिघांशी करायची होती, दोन पट्ट्यांची एकमेकींशी नव्हे. दुपारी पानांतून गाळून येणारा उजेड हिरवट असतो. हिरव्याकडचा पारवा त्या उजेडात सरळ शेवाळी झाला. जांभळ्याकडच्याने तोच हिरवा पोटात घेतला आणि तो शांत, निखळ करडा दिसू लागला. कपाटाजवळ मात्र दोन्ही जास्त निळे झाले. हे का होतं ते मिशेल शेव्रल या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने उलगडून दाखवलं. पॅरिसच्या गोब्लँ या नामांकित पडदे-विणकामाच्या कारखान्यात १८२४ पासून रंगाईचा विभाग त्याच्याकडे होता. तिथल्या काळ्या सुताबद्दल तक्रार यायची, की निळ्या-जांभळ्या कापडात ते फिकं, मेलेलं दिसतं. त्याने सूत तपासलं. रंगाईत खोट नव्हती. शेजारचा रंग डोळ्याला फसवत होता. १८३९ च्या त्याच्या ग्रंथात याचा सविस्तर विचार आहे. नारिंगी सागवानाशेजारी करडा ठेवला की डोळा आपणहून त्यात निळं भरतो. याचा अर्थ असा की सागवानी सामान असलेल्या घरात डब्यातून फार निळं विकत घ्यावं लागत नाही. कपाट ते फुकट देतं. आम्ही जांभळ्याकडचाच पारवा घेतला, पण सुनेने आणलेल्यापेक्षा एक पायरी जास्त करडा. काकू आता दुपारी तिथेच वाचत बसतात.

एक पायरी जास्त करडा घ्या, हे मी जवळजवळ प्रत्येकाला सांगते. कार्डावरचा चौकोन एकटा असतो. खोलीत चार भिंती असतात आणि त्या एकमेकींकडे बघत असतात. एका भिंतीवरून परतलेला उजेड दुसरीवर पडतो, तिथे पुन्हा त्याच रंगातून गाळला जातो, आणि प्रत्येक फेरीत निळेपणा वाढतो. कोपऱ्यात पाहा, तिथे रंग सर्वांत गाढ असतो. म्हणून भिंतीवर ब्रशचे फटकारे ओढून केलेली सॅम्पलं मला पटत नाहीत. शेजारी जुना रंग, त्यात दोन पारवे एकमेकांना चिकटून, मग डोळा त्यांच्यातला फरक फुगवत बसतो. मी जाड ड्रॉइंग शीटला प्राइमर मारून दोन हात रंग लावते, शीट मधोमध उभी दुमडते आणि खोलीच्या कोपऱ्यात टेकवून ठेवते. दोन बाजू समोरासमोर आल्या की भिंती जे करणार आहेत ते त्या छोट्या कागदावरच दिसतं. एका वेळी एकच शीट ठेवायची. मग ती कपाटाजवळ न्यायची, सोफ्यामागे, लादीवर आडवी. जी शीट घरात कुठेही नेली तरी खटकत नाही, ती निवडायची. जी एका ठिकाणी अप्रतिम आणि दुसरीकडे मळकी दिसते, ती सोडायची, कितीही आवडली असली तरी.

दिव्यांचा विचार रंगाच्या आधी व्हायला हवा, आणि नेमका तो नंतर होतो. ६५०० केल्विनच्या पांढऱ्या ट्यूबखाली पारवा दवाखान्यासारखा थंड होतो. ३००० च्या पिवळसर दिव्याखाली निळं नाहीसं होतं आणि तो लपलेला तिसरा थेंब वर येतो. माझी पसंती मधल्या ४००० ला, आणि खोक्यावर सीआरआय, म्हणजे दिव्याखाली रंग किती खरे दिसतात तो आकडा, ९० किंवा वर असेल तर फारच चांगलं. एका कंपनीचा शेड दुसऱ्या कंपनीच्या बेसमध्ये जुळवून घेण्याची रीत आपल्याकडे सर्रास आहे, कारण पैसे वाचतात. पांढऱ्या-क्रीम रंगांत ती चालून जाते. पारव्यात मी नको म्हणते. दोन वेगळ्या रंगद्रव्यांनी गाठलेला एकच रंग दुकानाच्या उजेडात तंतोतंत जुळतो आणि घरच्या दिव्याखाली फुटतो. करड्या रंगांत हे फुटणं सर्वांत लवकर दिसतं.

दिवेलागणीच्या आधीची वेळ या रंगाची. उजेड उतरू लागला की आपल्या डोळ्याला लाल-तपकिरी काळवंडल्यासारखे दिसतात आणि निळे उजळतात. याची नोंद पुर्किन्ये या चेक शास्त्रज्ञाने १८२५ मध्ये केली आहे. कपाट मागे सरतं, भिंत पुढे येते. ज्यांच्या घरात संध्याकाळी कुणीतरी असतं, त्यांना मी लगेच दिवा न लावता पाच-दहा मिनिटं बसून शीट बघायला सांगते.

आणि शक्य असेल तर एक पावसाळी दिवस. मे महिन्याच्या कडक उन्हात सगळेच पारवे छान, हवेशीर वाटतात. जुलैत आभाळ भरलं की उजेड स्वतःच निळा-करडा होतो, आणि जास्त निळा निवडलेली खोली उदास वाटू लागते. काकूंना हीच भीती होती आणि ती रास्त होती. अजून एक खास मुंबईची गोष्ट: शेजारच्या इमारतीचं दुरुस्तीचं काम चालू असेल आणि तिच्यावर हिरवी जाळी चढलेली असेल, तर ती उतरेपर्यंत रंग ठरवू नका. त्या जाळीतून आणि तिच्यावरून येणारा उजेड कुठल्याही शेडचं खरं रूप दाखवत नाही.

छताचा पांढरा घाईत निवडू नये. झगमगीत निळसर पांढरा वर गेला की खालचा पारवा धुळकट दिसतो. त्यापेक्षा किंचित उबदार, लादीच्या पिवळटाशी नातं सांगणारा पांढरा घ्यावा. फिनिश मॅट असावं. चकाकी असली की भिंत खिडकीतलं आभाळ परतवते आणि इतक्या कष्टाने निवडलेली छटा अर्ध्या भिंतीवर दिसतच नाही. मॅटवर हाताचे डाग लवकर पडतात हे खरं आहे, तेव्हा मुलांच्या खोलीत आणि पॅसेजमध्ये धुता येणारं मॅट वापरावं आणि त्याचे जास्तीचे पैसे मोजावेत.

काम संपलं की डब्याच्या झाकणावरचं स्टिकर काढून घ्या. त्यावर शेडचा नंबर, बेस आणि कुठलं रंगद्रव्य किती पडलं ते छापलेलं असतं. त्याचा फोटो काढा आणि कुठल्या खोलीचा ते लिहून ठेवा. उरलेला रंग घट्ट झाकणाच्या काचेच्या बाटलीत काठोकाठ भरून ठेवा, वर हवा राहू देऊ नका. दोनेक वर्षांनी खिळ्याचं भोक बुजवायचं झालं तर लांबी भरून नुसता ठिपका लावू नका. तोवर भिंतीने ऊन आणि धूळ खाल्लेली असते आणि पारव्यावर तो ठिपका लांबून दिसतो. रंग हलवून घ्या, आणि ती एक भिंत या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत पूर्ण मारा.