मैयाच्या काठाहून परतल्यावर

ती. आत्या,


नर्मदेची परिक्रमा पूर्ण झाली. ओंकारेश्वराला कुपीतलं जल वाहिलं, कढाई केली, कन्याभोजन घातलं आणि परवा घरी पोचले. भेटेल तो विचारतो, अनुभव काय आले? त्यांना सांगण्यासारखं पुष्कळ आहे. तुझ्याशी मात्र वेगळंच बोलायचंय. 1984 साली तू ज्या वाटेनं गेलीस ती मला मिळाली नाही.

नियम तुझ्या वेळचेच आहेत. मैया उजव्या हाताला, पात्र ओलांडायचं नाही, मिळेल ते सदावर्त घ्यायचं, आणि विमलेश्वरहून मिठी तलाईला जायला होडी. समोरून येणारं शेंबडं पोरसुद्धा ‘नर्मदे हर’ म्हणतं. इतकं सगळं टिकलंय याचा मला अपार आनंद झाला. पण नदी वाहताना दिसायला नशीब लागतं गं. बरगी, इंदिरासागर, ओंकारेश्वर, सरदार सरोवर. एका धरणाचं पाणी संपतं न संपतं तोच दुसऱ्याचं लागतं. जिथले शिवलिंगाचे बाण तू आपल्या देवघरात आणलेस ते धावडी कुंड बुडालं. हरसूद नावाचं नांदतं गाव 2004 साली लोकांना स्वतःच्या हातांनी पाडावं लागलं.

सगळ्यात जास्त मी शूलपाणीच्या झाडीची वाट बघत होते. तुझं घोंगडं आणि तांब्या तिथल्या भिल्ल ‘मामांनी’ काढून घेतला, आणि दुसऱ्या दिवशी त्यांच्यातल्याच एका बाईनं तुला मक्याची भाकरी देऊन अंगावर स्वतःचं लुगडं घातलं, ही गोष्ट ऐकतच मी मोठी झाले. ती काठाची वाट आता पाण्याखाली आहे. परिक्रमावासी डोंगरावरून धडगाव, मोलगी करत जातात. मणिबेलीचं शूलपाणेश्वराचं देऊळही बुडालं. नवं देऊळ गुजरातेत, गोऱ्याला बांधलंय. तिथे मी डोकं टेकवलं, पण मन मागच्या पाण्यातच राहिलं.

धडगावकडच्या एका पाड्यावर मुक्काम होता. घरचे आजोबा पहाटे मला टेकडीच्या टोकाला घेऊन गेले आणि पाण्याकडे बोट दाखवून एकेक जागा सांगू लागले. ते आमचं ज्वारीचं शेत. तिथे मोहाची झाडं, वाटण्या झाल्या तेव्हा तीसुद्धा भावाभावांत वाटलेली. तिथे बापाला पुरलं. पुढे मासे धरायची जागा. मला दिसत होतं ते सपाट, निळं पाणी. त्यांचं बोट मात्र कुठेही अडखळलं नाही.

सरदार सरोवराची पायाभरणी नेहरूंनी 1961 साली केली, नर्मदा पाणीवाटप लवादाचा निवाडा 1979 साली आला. बुडिताआधी पुनर्वसन आणि जमिनीच्या बदल्यात जमीन, किमान दोन हेक्टर, हे त्या निवाड्यातच लिहिलंय. पण पिढ्यान्‌पिढ्या कसलेल्या जमिनीचा सातबारा ज्यांच्या नावावर नव्हता ते कागदावर अतिक्रमणदार ठरले. 1993च्या पावसाळ्यात मणिबेलीत पाणी शिरलं, तेव्हा माणसं घरातून हलायला तयार नव्हती. पुढे धरणाची उंची वाढत वाढत 138.68 मीटरवर गेली. कच्छ-सौराष्ट्राला पाणी मिळालं. तिथल्या बायकांची पायपीट वाचली असेल तर तेही मैयाचंच देणं मानते. पण त्याची किंमत कुणी मोजली हे न बोलता ते पाणी पवित्र म्हणणं मला आता जमणार नाही.

तू म्हणायचीस, परिक्रमा सोडायला शिकवते. घर सोड, पैसा सोड, मीपण सोड. मला ते पटायचं, आजही पटतं. फक्त परतल्यावर दाराचं कुलूप काढताना जाणवलं, की आपल्या सोडण्याला परतीचं घर होतं. तुझं घोंगडं गेलं, पण साताऱ्याचा वाडा जागेवर होता. मला ज्या माऊलीनं भाकरी वाढली तिची मुलं तळोद्याकडे वसाहतीत राहतात, ती मात्र वरच्या पाड्यावर राहिली. तिनं काही सोडलं नव्हतं, तिच्याकडून सुटलं. या दोहोंना एकच पुण्य लावू नये, असं मला फार वाटतं. आणि तरीही ती रोज संध्याकाळी कोण चालत येतंय ते बघत अंगणात थांबते. ज्यांचं सगळं नदीनं नव्हे, माणसांनी नेलं, ते अजून परक्याला जेवू घालतात, आत्या. माझ्या परिक्रमेतलं सगळ्यात मोठं दर्शन तेच.

तिथल्या जीवनशाळेतल्या एका गुरुजींना मी तुझ्याविषयी सांगितलं. जुन्या काठावरून चाललेली माणसं आता थोडी उरलीत, त्यांना आठवतं ते मुलांसाठी लिहून हवंय, असं ते म्हणाले. म्हणून दिवाळी झाली की मी साताऱ्याला येते, चांगली आठवडाभर. मणिबेलीच्या देवळाला पायऱ्या कशा होत्या, कुठल्या गावानंतर कुठलं गाव यायचं, मुक्काम कुणाच्या ओसरीवर पडायचा, त्या लुगडं देणाऱ्या बाईचं घर कुठल्या ओढ्याच्या अलीकडे होतं, सगळं क्रमानं सांग. नाव आठवलं नाही तर खुणा सांग. तुझी ती फाटकी वही माळ्यावर असेल तर तेवढी आधी खाली काढून ठेव. गुरुजींना मी शब्द देऊन आलेय.

तुझी,
धाकटी